तापलेल्या तेलातला रवा

आदल्या संध्याकाळी हात धुतला जाई. साबण लावून, चांगला खसखसून. मग नखे काढायची, कारण नखाआड काहीबाही लावून आणता येते हे गोताला, म्हणजे निवाड्याला जमलेल्या गावकऱ्यांना, ठाऊक असे. मग हात उलटासुलटा करून त्यावरचे जुने वण, घट्टे, विळ्याचे ओरखडे बघून ठेवायचे. त्यावर पिशवी चढवायची, मनगटाशी बांधायची आणि गाठीवर मोहर करायची. रात्रभर माणूस पहाऱ्यात. सकाळी स्नान, देवापुढे चूल, चुलीवर भांडे, भांड्यात तेल आणि तूप. ते कडकडीत तापले की त्यात धातूचा एक लहान तुकडा टाकायचा. त्या तुकड्याला म्हणत रवा. कपाळाला कागद बांधलेला, त्यावर त्याचा दावा लिहिलेला. देवाला हाक मारून त्याने तेलात हात घालायचा आणि रवा काढून जमलेल्यांपुढे टाकायचा. लगेच पुन्हा पिशवी, पुन्हा मोहर. तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमक्ष पिशवी सोडायची. हाताला नवी इजा नसेल तर माणूस खरा, आणि वतन त्याचे.

हे रवा दिव्य. सतराव्या-अठराव्या शतकातल्या मराठी निवाड्यांत ते पुन्हा पुन्हा भेटते. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९५३ मध्ये छापला. तो वाचताना पहिल्यांदा अंगावर काटा येतो, आणि वीसेक निवाडे वाचून झाल्यावर वेगळेच काहीतरी जाणवू लागते. दिव्य ही त्या न्यायाची सुरुवात नव्हती. सगळे उपाय थकले, कागद फाटले, साक्षीदार फिरले, की मग तेल तापे.

आपल्या बोलण्यात त्याचे अवशेष अजून पडलेले आहेत. कठीण प्रसंगातून निभावलेल्या माणसाला आपण ‘दिव्यातून गेला’ म्हणतो. परीक्षेला ‘उतरला’ म्हणतो. अग्निदिव्य हा शब्द तर वर्तमानपत्रांनी इतका झिजवला आहे की कुठल्याही पोटनिवडणुकीला तो लावतात. माझी आत्या नारायण पेठेतल्या एका वाड्यात ऐंशी वर्षे राहिली. ती कशाचीही खात्री देताना म्हणे, ‘तेलात हात घालून सांगते.’ तिने शाळेत इतिहास फारसा वाचला नव्हता. हे वाक्य तिला घरातूनच मिळाले असणार.

दिव्याची शास्त्रे फार जुनी. याज्ञवल्क्य स्मृतीत पाच दिव्ये आहेत: तुला, अग्नी, उदक, विष आणि कोश. बृहस्पतीने ती नवावर नेली, आणि त्यांतले तप्तमाष म्हणजे उकळत्या तेलातुपातून सोन्याचा मासा काढणे, हाच आपला रवा. याज्ञवल्क्यावरची सर्वांत मान्य टीका, मिताक्षरा, विज्ञानेश्वराने लिहिली ती कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात. आपल्या शेजारीच. अग्निदिव्यात तळहातावर पिंपळाची सात पाने बांधून तापलेला लोखंडी गोळा घ्यायचा आणि जमिनीवर आखलेली सात मंडले ओलांडायची. उदकदिव्यात बाण सोडायचा. धावणारा तो घेऊन परत येईपर्यंत पाण्याखाली राहायचे. कोशदिव्य सर्वांत सौम्य: देवाच्या स्नानाचे पाणी प्यायचे आणि चौदा दिवस घरावर काही अरिष्ट येते का ते बघायचे. शास्त्रकारांनी यातही उतरंड लावली. बायका, मुले, म्हातारे, आजारी आणि ब्राह्मण यांना तराजू, शूद्राला विष. देवाच्या दरबारातही रांग जातवार होती, आणि यावर त्या काळी कुणी नाक मुरडल्याचे दिसत नाही. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात हा सगळा पसारा आहे. ज्याला तपशिलाची आवड आहे त्याने तिथे दोन दिवस घालवावेत.

आमच्या कामाचे मात्र गावातले दिव्य. त्याच्यापुढे मागे काय होते ते बघितल्याशिवाय तेलाचा अर्थ लागत नाही.

भांडण बहुतेक वतनाचे. पाटीलकी कोणाची, कुलकर्ण कोणाचे, थोरली पाती कोण आणि धाकटी कोण. यात जमीन होती, हक्क होते, आणि त्यांच्याइतकाच मान होता: पोळ्याला पहिला बैल कोणाचा, होळीची पोळी कोणाची, विडा आधी कोणाला. दुष्काळात किंवा लष्कर येऊन गाव उजाड झाले की वतनदार परागंदा होई. तीस-चाळीस वर्षांनी त्याचा नातू परते, आणि त्याच्या ओसरीवर दुसराच कोणी बसलेला असे. जुने कागद जळालेले, किंवा लुटीत गेलेले. निदान तसे सांगितले जाई.

मग अग्रवादी आणि पश्चिमवादी, म्हणजे फिर्याद करणारा आणि तिला उत्तर देणारा, आपापला करीना, म्हणजे वादाची हकीकत, लिहून देत. निवाडा होईल तो मान्य करू असा राजीनामा दोघे देत (आजच्या राजीनाम्याशी याचा संबंध नाही, तेव्हा तो राजी असल्याचा कागद होता). जामीन घेतले जात. सभेत दिवाणाचे लोक, देशमुख-देशपांडे, आजूबाजूच्या गावांचे पाटील, आणि बारा बलुते. महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, सगळ्यांच्या निशाण्या पडत, पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. लिहिता न येणाऱ्यांनीही न्याय केला होता आणि तो कागदावर दिसतो, हे मला त्या महजरांत सर्वांत भावते. निकाल लागला की हरलेला येजितखत लिहून देई की माझा दावा खोटा होता. जिंकलेल्याने सरकारात हरकी भरायची आणि हरलेल्याने गुन्हेगारी. सरकारचे दोन्हीकडून भले.

स्थानिक सभेवर विश्वास नसेल तर दुसरे थळ, म्हणजे दुसऱ्या ठिकाणची सभा, मागता येई. कऱ्हाडजवळच्या मसूरच्या पाटीलकीचा वाद यासाठी प्रसिद्ध आहे. बापाजी मुसलमान आणि नरसोजी जगदाळे यांच्यातला. बापाजी गावाकडच्या सभेत हरला. इथे जगदाळ्यांचे वजन आहे, मला न्याय मिळणार नाही, अशी तक्रार घेऊन तो थेट इब्राहिम आदिलशहाकडे गेला. बादशहाने काय करावे? त्याने वाद पैठणच्या सभेकडे पाठवला. मुसलमान बादशहाने मुसलमान वादीचा दावा पैठणासारख्या तीर्थाच्या गावी नेऊन सोडला, आणि पैठणनेही निकाल जगदाळ्यांच्याच बाजूने दिला. हा प्रसंग आजच्या कुठल्याही बाजूच्या भाषणात बसत नाही, म्हणून मी तो मुद्दाम सांगतो.

या सगळ्यातून निकाल निघाला तर तेल तापवायची गरजच पडत नसे. पडली, तर दिव्याची पाळी कुणाकडे द्यायची हे सभा ठरवी, आणि इथेच खरी गोम आहे. दिव्य ठरले की ते होईपर्यंत दिवस जात. त्या दिवसांत खोट्या माणसाच्या पोटात काय होत असेल? देवावर श्रद्धा असलेल्या माणसाला तेलापेक्षा देवाची भीती जास्त. कितीतरी वाद या मधल्या दिवसांतच मिटले असणार. कुणी आदल्या रात्री येऊन म्हणे, आमचे आपसांत जुळले.

आणि पिशवी सोडल्यावर कोण बघे? गोत. हात भाजला की नाही हे देव सांगत नसे, गावचे पाच-पन्नास लोक सांगत. कोणता डाग जुना, कोणता नवा, नांगर धरणाऱ्या हाताचा घट्टा कोणता आणि फोड कोणता, याचा निर्णय त्यांचा. तेल किती तापले हेही चुलीशी बसलेल्या माणसाच्या हातात. मला वाटते, गोताला खरे कोण हे बहुतेक वेळा आधीच माहीत असे. अडचण होती ती कुणीतरी ते तोंडाने बोलण्याची. उद्या त्याच विहिरीवर पाणी भरायचे, त्याच्याच घरी लग्नाला जायचे. दिव्याने हे बोलण्याचे ओझे देवाच्या अंगावर टाकले.

हा माझा एकट्याचा संशय नाही. मध्ययुगीन हंगेरीत वाराद येथल्या चर्चमध्ये तापलेल्या लोखंडाच्या दिव्यांची नोंदवही ठेवली होती, १२०८ ते १२३५ या काळातली. ज्या २०८ जणांचा निकाल कळतो त्यांत १३० निर्दोष ठरले. लालबुंद लोखंड हातात घेऊन दर दहात सहा माणसे धडधाकट परत येत असतील, तर एकतर देव फार दयाळू होता किंवा भट्टीपाशी उभा असलेला पाद्री. तिथेही हात बांधून तिसऱ्या दिवशी सोडायची रीत होती. वाराद आणि वाई यांनी एकमेकांना विचारले नव्हते. तीन दिवसांत भाजल्याची जखम काय रूप घेते हे दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी आपापल्या घरी पाहिले होते.

तेलाहून साधे दिव्य नदीचे. दोघे वादी कृष्णेत उभे राहायचे, आणि गावचे वडीलधारे पाण्यात उतरून खऱ्याचा हात धरून त्याला बाहेर काढायचे. यात चमत्काराचा अंशही नाही. कमरेइतक्या वाहत्या पाण्यात, पूर्वजांची शपथ डोक्यावर घेऊन, म्हाताऱ्याने एका हाताला धरायचे. ही सरळसरळ साक्षच, फक्त देवासमोर दिलेली. शिवेच्या भांडणात असाच मान महाराचा. शीव त्याला ठाऊक, आणि त्याने शपथ घेऊन चालून दाखवली की तीच शीव. शीव दाखवणाऱ्याने डोक्यावर माती घेऊन चालावे असे याज्ञवल्क्यही सांगतो. ज्याला गावात राहायला जागा नव्हती त्याच्या पायांवर गावाची हद्द ठरे.

आता आत्याची नारायण पेठ. पाचव्या पेशव्याच्या नावाची ही पेठ, आणि त्या पेशव्याच्या वाट्याला जेमतेम अठरा वर्षांचे आयुष्य आले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी भर दुपारी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावाला कापले. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद युसुफ ही नावे पुण्यात अजून लोकांच्या तोंडी आहेत. चुलता रघुनाथराव याचा हात त्यात होता. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि याला देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरे प्रायश्चित्त नाही असे रघुनाथरावाला तोंडावर सांगितले, अशी परंपरा आहे. आणि रामशास्त्री पुणे सोडून निघून गेले.

या प्रकरणात कुणी तेल तापवले नाही. साक्षी झाल्या, जबान्या झाल्या. आणि लोकांनी त्या खुनाची जी गोष्ट जपून ठेवली ती सबंध एका अक्षराची आहे: गारद्यांना दिलेल्या चिठ्ठीत ‘धरावे’ होते, रघुनाथरावाच्या बायकोने, आनंदीबाईने, त्याचे ‘मारावे’ केले. ही गोष्ट खरी असेल नसेल, पण मराठी माणसाला ती दोन शतके पटत आली, याचे कारण कागदाबद्दलची त्याची जुनी भीती. खोट्या सनदा, खोट्या मोहरा, वाढवलेली ओळ, खोडलेले नाव. मोडी लिपीच अशी की लेखणी न उचलता लिहायचे. एक वळण जास्त पडले की अर्थ फिरला. (पेठेतल्या मोदी गणपतीचा या मोडीशी काही संबंध नाही, तो खुश्रूजी मोदी या पारशी गृहस्थामुळे, तरी दर दोन वर्षांनी कुणीतरी मला तसे पटवायला येतोच.) कागदात ‘ध’चा ‘मा’ करता येतो. हाताच्या फोडात तो करता येत नाही असे गोताला वाटत होते. दिव्य टिकून राहिले ते या वाटण्यावर.

पुणे प्रांतात तर कागदालाच दिव्य करायला लावल्याची कथा आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या, आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या. पाणी, मुदत, आणि शेवटी सगळ्यांसमोर वस्तू बाहेर काढून बघणे. देहूच्या लोकांनी ही कथा सांगताना उदकदिव्याचा सगळा साचा तसाच ठेवला आहे, फक्त माणसाच्या जागी वही.

पेशवाईत दिव्य मागे पडत गेले. याचा हिशेब न्यायमूर्ती रानड्यांनी मांडून ठेवला आहे. सातारकर छत्रपती आणि पेशवे यांच्या रोजनिशींतून गणेश चिमणाजी वाड यांनी निवडी काढल्या. त्यांच्यावर रानड्यांनी १९०० मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, प्रस्तावनावजा निबंध वाचला. त्यात ते सांगतात की सविस्तर दिलेल्या सुमारे सत्तर दिवाणी निवाड्यांत दिव्याचा आधार फक्त सहा वेळा घेतला गेला. त्यातही अग्नीचे आव्हान दोनदा. बाकी चार वेळा नदीत स्नान करणेच पुरले. रानडे स्वतः हायकोर्टात बसणारे, त्यामुळे हा आकडा मांडताना त्यांना थोडे बरे वाटले असावे. सत्तरात सहा, म्हणजे आपले पूर्वज इतकेही रानटी नव्हते. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मधला दिव्याचा प्रसंग १९७२ मध्ये भरत नाट्य मंदिरात ज्यांनी पाहिला त्यांच्या डोक्यातून हे सहा-सत्तर कधीच पुसले गेले, त्यांना पेशवाई म्हटले की चोरीचा आळ आलेल्या ब्राह्मणाच्या हातावरचा तापलेला गोळाच आठवतो. नाटकाला असे करायचा अधिकार आहे. इतिहासाच्या तासाला मात्र रानड्यांचा आकडाही फळ्यावर लिहायला हवा.

रानटीपणाचा प्रश्न निघालाच आहे तर एक तारीख. १७ नोव्हेंबर १८१७. खडकीची लढाई होऊन बारा दिवस झाले होते. पेशवा दुसरा बाजीराव निघून गेला होता, आणि त्या दिवशी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. ते चढवले बाळाजीपंत नातूंनी, आणि पुण्याने त्यांना अजून माफ केलेले नाही. आता आपण रानटी रिवाज काढून कायद्याचे राज्य आणणार, असे इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनच्या छावणीत बोलले जात असेल. नेमक्या त्याच दिवशी लंडनमध्ये, वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये, राजाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे अब्राहम थॉर्नटन नावाच्या आरोपीने एक चामडी हातमोजा हातात चढवला, दुसरा जमिनीवर फेकला आणि सांगितले की मी निर्दोष आहे, आणि हे मी अंगाने लढून सिद्ध करायला तयार आहे.

बर्मिंगहॅमजवळ मेरी अ‍ॅशफर्ड नावाची तरुणी त्या वर्षीच्या मे महिन्यात मेलेली सापडली होती. ज्यूरीने थॉर्नटनला सोडले. मेरीच्या भावाने एका जुन्या कलमाखाली पुन्हा फिर्याद लावली, तेव्हा थॉर्नटनच्या वकिलांनी त्याहून जुने कलम काढले: अशा फिर्यादीत आरोपी द्वंद्वाची मागणी करू शकतो. न्यायाधीशांनी ग्रंथ चाळले, आणि एप्रिल १८१८ मध्ये लॉर्ड एलनबरो यांनी कबूल केले की हा देशाचा कायदा आहे आणि तो लागू करावाच लागेल. भाऊ अंगाने किरकोळ, थॉर्नटन दणकट. भावाने लढायला नकार दिला आणि थॉर्नटन सुटला. १८१९ मध्ये पार्लमेंटने घाईने कायदा करून हे द्वंद्व बंद केले. त्याच वर्षी एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावरचा आपला प्रसिद्ध अहवाल लिहिला, आणि त्यात मराठी पंचायतींचे गुणदोष तोलले.

आपल्याकडे वतनापायी भाऊबंदांनी एकमेकांचे खून पाडले, रात्री वाडे जाळले. पण तलवारीने जिंकेल तो खरा, असे गोताने किंवा शास्त्राने कधी म्हटल्याचे मला दिसले नाही. ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण आपण तक्रार म्हणून वापरतो, कायदा म्हणून नव्हे. युरोपने दिव्य आणि द्वंद्व दोन्ही पोसले. त्यातले तापलेले लोखंड १२१५ मध्ये गेले: रोमच्या लॅटरन परिषदेने पाद्र्यांना दिव्याला हजर राहायला बंदी केली, आणि देवाचा माणूसच नसेल तर देव कुठून येणार? इंग्लंडच्या न्यायाधीशांपुढे प्रश्न पडला की आता करायचे काय. त्यांनी शेजारच्या बारा माणसांना बसवून विचारायला सुरुवात केली की तुम्हाला काय वाटते. ज्यूरी आली ती तेलाच्या, लोखंडाच्या रिकाम्या जागी. गोताने जे देवाआडून केले तेच ज्यूरीने उघड्यावर केले.

तिचा फटका नारायण पेठेनेही खाल्ला. केसरीवाड्यात राहणाऱ्या टिळकांवर ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या अग्रलेखांसाठी १९०८ मध्ये मुंबईत खटला झाला. नऊ जणांच्या ज्यूरीने सात विरुद्ध दोन अशा मतांनी दोषी ठरवले, न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची हद्दपारी दिली, ती मंडालेत गेली. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी. ज्यांना लेखांची मराठी वाचता येत नव्हती त्यांनी भाषांतरावरून लेखकाचा हेतू ठरवला. गोतसभेत निदान न्हावी आणि सुतार आरोपीला ओळखत तरी होते. निकालानंतर टिळकांनी ज्यूरीच्या वर असलेल्या शक्तीचा हवाला दिला, ते वाक्य शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. मला त्यात दिव्याला उभ्या राहिलेल्या जुन्या वतनदाराचा आवाज ऐकू येतो.

तेल पूर्ण थंड झालेले नाही, हेही सांगायला हवे. २०२१ च्या सुरुवातीला परांड्याकडचा एक व्हिडिओ फिरला: नवऱ्याने बायकोला चारित्र्य सिद्ध करण्यासाठी उकळत्या तेलातून पाच रुपयांचे नाणे काढायला लावले. हे घडले ते जात पंचायतींच्या जाचाविरुद्ध राज्याने सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१६ मध्ये केल्यानंतरही. नाण्याची किंमत कमी झाली, एवढाच फरक. आणि हात आता वतनदाराचा नव्हता, बाईचा होता. जुन्या शास्त्राने निदान तिला तराजूत बसवले होते.

गेल्या वर्षी आत्याचा वाडा बिल्डरकडे गेला. सगळ्या भावंडांना हक्कसोडपत्रावर अंगठे द्यायचे म्हणून आम्ही तिला रिक्षाने नोंदणीच्या कचेरीत नेले. ऐंशी वर्षे चूल, राख, भांडी. तिच्या बोटांवरच्या रेषाच झिजून गेल्या होत्या. यंत्राने अंगठा घेतला नाही. टेबलामागच्या मुलाने तिचा हात हातात धरला, खिडकीच्या उजेडाकडे वळवला, उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाला, ‘आजी, हात स्वच्छ धुऊन या, पुन्हा बघू.’

आत्या उठली, कोपऱ्यातल्या नळाशी गेली, आणि साबण आहे का म्हणून विचारू लागली.